पाण्याकडे नको, भिंतीकडे बघा: सीटीवर एम्पायेमा कसा ओळखायचा

न्यूमोनियाचा रुग्ण आहे. पाच दिवस इंजेक्शनं चालू आहेत, तरी ताप हटत नाही. एक्स-रेवर उजवीकडचा खालचा भाग पांढरा झालाय. सीटीच्या चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिलेले असतात: "एम्पायेमा आहे?" म्हणजे, फुफ्फुसाभोवतीच्या फटीत पू साचलाय का? रेडिऑलॉजीत किंवा छातीच्या वॉर्डात नव्याने लागलेल्या रेसिडेंटला या प्रश्नाचं उत्तर क्रमाने कसं काढता येईल, ते इथे लिहिलं आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. पू आणि साधं पाणी सीटीवर जवळजवळ एकाच करड्या रंगाचं दिसतं. फरक दिसतो तो पाण्याच्या आकारात आणि त्याच्या भोवतीच्या आवरणात. नवखा डॉक्टर पाण्याच्या मधोमध कर्सर ठेवून आकडा बघत बसतो. अनुभवी माणूस आधी कडा बघतो.

थोडं शरीरशास्त्र, कामापुरतं

फुफ्फुसावर प्लुराचे, म्हणजे पातळ आवरणाचे, दोन थर असतात. फुफ्फुसाला चिकटलेला तो व्हिसेरल आणि छातीच्या पिंजऱ्याला आतून अस्तरासारखा लागलेला तो परायटल. मधल्या फटीत निरोगी माणसाच्या जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो. असा निरोगी प्लुरा सीटीवर वेगळा दिसत नाही. दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत १ ते २ मिलिमीटर जाडीची एक बारीक रेघ दिसते. ती प्लुरा, त्यालगतचं पातळ आवरण आणि सर्वांत आतला बरगड्यांमधला स्नायू यांची मिळून बनलेली असते. हा स्नायू बरगडीच्या आतल्या बाजूने जात नाही, त्यामुळे बरगडी आणि फुफ्फुस यांच्या मधे रेघ असता कामा नये. तिथे रेघ दिसली तर प्लुरा जाड झालाय किंवा पाणी आहे, असं समजून पुढे बघायचं. अपवाद मोजके आहेत. उरोस्थीलगत पुढच्या बाजूला ट्रान्सव्हर्सस थोरॅसिस, पाठीमागे खालच्या बरगड्यांशी सबकॉस्टॅलिस हे स्नायू आणि मणक्याशेजारच्या शिरा. या गोष्टी बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या असतात, म्हणून शंका आली की दुसरी बाजू बघा.

न्यूमोनियामुळे जमणारं पाणी तीन टप्प्यांतून जातं. पहिल्या टप्प्यात सुजलेल्या प्लुरातून पातळ, जंतुविरहित पाणी पाझरतं आणि ते मोकळं हलतं. साधारण पहिल्या आठवड्यात, उपचार कमी पडले तर, जंतू पाण्यात शिरतात, फायब्रिनचे धागे पडतात, जागोजाग पडदे तयार होऊन कप्पे बनतात. हा दुसरा टप्पा. तिसऱ्यात, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनंतर, दोन्ही थरांवर तंतुमय साल चढते आणि फुफ्फुस तिच्यात जखडून पडतं. सीटी बघताना रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवायचं असतं, कारण पू काढायला नळी पुरेल की ऑपरेशन लागेल ते त्यावर अवलंबून असतं. ताप किती दिवसांचा आहे हे चिठ्ठीवर नसेल तर वॉर्डात फोन करून विचारा. ती माहिती स्कॅनइतकीच कामाची आहे.

पायरी १: स्कॅन या कामासाठी योग्य आहे का?

कोविडपासून आपल्याकडे छातीचा सीटी म्हणजे एचआरसीटी असं समीकरण झालंय. एचआरसीटी (बारीक स्लाइसचा सीटी) कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता होतो. त्यात पाणी दिसतं, कप्पे ओळखता येतात, हवेचे बुडबुडेही दिसतात, पण प्लुरा कॉन्ट्रास्ट घेऊन चमकतोय का हे कळत नाही. प्रश्न एम्पायेमाचा असेल तर कॉन्ट्रास्ट देऊनच स्कॅन हवा. तो देता येत नसेल तर प्लेन स्कॅन आणि सोनोग्राफी यांची जोडी लावावी.

मोठ्या माणसाला सहसा ७० ते १०० मिलिलिटर कॉन्ट्रास्ट, सेकंदाला २ ते ३ मिलिलिटर वेगाने देतात. खरी चूक होते ती वेळेची. प्लुरा उशिरा चमकतो, म्हणून इंजेक्शन सुरू केल्यापासून ६० ते ९० सेकंदांनी स्कॅन घ्यायचा. फुफ्फुसाच्या धमनीतली गुठळी शोधण्यासाठीचा अँजिओ खूप लवकर घेतात. तेव्हा धमन्या झगझगीत असतात आणि प्लुरा अजून अंधारात असतो. अशा स्कॅनवर "प्लुरा चमकत नाही" असं लिहिणं म्हणजे सूर्य उगवायच्या आधी अंगणात ऊन नाही अशी तक्रार करणं. स्कॅन कोणत्या फेजमधला आहे हे महाधमनी आणि यकृत बघून ओळखा. यकृत एकसारखं उजळलेलं आणि पोर्टल शीर भरलेली असेल तर वेळ बरोबर आहे.

व्याप्ती मानेच्या मुळापासून यकृताचा वरचा भाग पूर्ण येईपर्यंत घ्या. डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) खाली काय चाललंय हे पुष्कळदा उत्तराचा भाग असतं. स्लाइस १ ते १.५ मिलिमीटरचे करून तिन्ही प्रतलांत बघा. क्रिएटिनिन आधी तपासलेलं हवं. रुग्ण सेप्सिसमध्ये असेल तर मूत्रपिंडाचा विचार करूनच कॉन्ट्रास्ट द्यायचा, पण निदानासाठी तो गरजेचा असेल तर अडून बसू नये.

आणखी एक. शक्य असेल तर सगळं पाणी काढून टाकण्याआधी स्कॅन करा. दोन थरांच्या मधलं पाणी गेलं की ते थर एकमेकांना टेकतात आणि सर्वांत उपयोगाची खूणच नाहीशी होते. आधी पाणी काढून झालं असेल तर तारीख आणि वेळ विचारून घ्या, हवेच्या बुडबुड्यांचा अर्थ लावताना ती लागते.

पायरी २: विंडो बदलून बघा

विंडो म्हणजे कोणत्या घनतेचा भाग ठळक दिसावा याचं सेटिंग. तालुक्याच्या ठिकाणाहून आलेल्या फिल्मवर पुष्कळदा फक्त लंग विंडो छापलेली असते. त्यावर प्लुराबद्दल काहीही बोलू नका, सीडी मागवा. मेडिएस्टायनल (मऊ भागांची) विंडो रुंदी ३५० ते ४००, पातळी ४० च्या आसपास ठेवून पहिला फेरा मारा. मग रुंदी १५० ते २०० पर्यंत आवळा. नेहमीच्या विंडोत न दिसलेली प्लुराची बारीक उजळ रेघ इथे डोळ्यांत भरते. ही एक सवय लागली तर निम्म्या चुका टळतात. त्यानंतर लंग विंडो, आणि शेवटी बरगड्या व मणक्यांसाठी बोन विंडो.

पायरी ३: पाण्याचा आकार

रुग्ण पाठीवर झोपलेला असतो, त्यामुळे मोकळं पाणी मागे, सर्वांत खालच्या जागी जातं आणि आडव्या छेदात चंद्रकोरीसारखं दिसतं. त्याची वरची टोकं निमुळती होत जातात. पाणी कप्प्यात अडकलं असेल तर ते गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही. ते पुढे, बाजूला, फुफ्फुसाच्या दोन लोबांच्या (भागांच्या) फटीत, कुठेही बसतं आणि दोन्हीकडून फुगीर, मसुराच्या दाण्यासारखं होतं. फुगीर कड फुफ्फुसाकडे वळलेली दिसली की "लोक्युलेटेड" हा शब्द मनात यायला हवा.

शंका असेल तर रुग्णाला कुशीवर वा पालथं झोपवून मोजके स्लाइस पुन्हा घेता येतात. पाणी सरकलं तर मोकळं, जागेवर राहिलं तर अडकलेलं. पण आजारी माणसाला यासाठी फार हलवू नका, सोनोग्राफीत हेच पलंगाशेजारी कळतं.

इथे सीटीची मोठी मर्यादा लक्षात घ्या. कप्प्यांची बाहेरची रूपरेषा सीटी छान दाखवतो, पण आतले बारीक पडदे त्यावर सहसा दिसत नाहीत. सोनोग्राफीत जिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, तिथे सीटी एकसारखं पाणी दाखवतो. म्हणून "पडदे नाहीत" असं सीटीच्या जोरावर कधीही लिहू नये.

जाडीही मोजा, छातीच्या भिंतीला काटकोनात, जिथे सर्वांत जास्त आहे तिथे. १ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं मोकळं पाणी बहुतेक वेळा अँटिबायोटिकनेच जातं, त्यात सुई घालायला सुरक्षित जागाही नसते. ३० मिलिमीटर किंवा अधिक जाडी आणि पुढे सांगितलेली दुभंगलेल्या प्लुराची खूण एकत्र दिसली तर नळीची तयारी ठेवायला सांगा.

पायरी ४: दुभंगलेला प्लुरा

हाच या तपासाचा गाभा. रेडिऑलॉजीत याला "स्प्लिट प्लुरा साइन" म्हणतात. जंतुसंसर्गाने दोन्ही थर सुजतात, त्यांत रक्तपुरवठा वाढतो, म्हणून कॉन्ट्रास्टनंतर दोन्ही उजळ होतात. मधे करड्या रंगाचा पू आणि दोन्ही बाजूंना उजळ रेघा, जणू शिवण उसवून दोन कापडं वेगळी झाली आहेत.

ओळखायची पद्धत अशी. आधी कप्प्याचं टोक शोधा, जिथे पाणी संपतं. तिथे एकच उजळ रेघ दिसेल. आता तिच्यावर नजर ठेवून पाण्याकडे या. एका ठिकाणी ती दोन रेघांत फुटते, एक बरगड्यांच्या बाजूने जाते, दुसरी फुफ्फुसाच्या बाजूने, आणि पलीकडच्या टोकाला दोन्ही पुन्हा एक होतात. दोन्ही रेघा सलग, गुळगुळीत आणि साधारण सारख्या जाडीच्या असल्या तर खूण पक्की. आडव्या छेदात पटली नाही तर कोरोनल (समोरून) आणि सॅजिटल (बाजूने) छेदांत तपासा.

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. पाण्याच्या दाबाने शेजारचं फुफ्फुस दबून कोसळतं, आणि कोसळलेलं फुफ्फुस कॉन्ट्रास्टनंतर चांगलंच चमकतं. त्याच्या कडेलाच "व्हिसेरल प्लुरा चमकतोय" असं समजून साध्या पाण्यालाही एम्पायेमा ठरवलं जातं. उपाय सोपा आहे: जिथे पाण्याला लागून हवा भरलेलं फुफ्फुस आहे ती जागा शोधा. तिथेही वेगळी उजळ रेघ दिसली तर ती प्लुराचीच. सगळीकडे कोसळलेलंच फुफ्फुस असेल तर विंडो आवळून त्या फुफ्फुसापेक्षा वेगळी रेघ सुटी दिसते का बघा. नाही दिसली तर "व्हिसेरल थराबद्दल खात्रीने सांगता येत नाही" असं लिहायला लाजू नका.

दुसरी गोष्ट, ही खूण नसली म्हणून एम्पायेमा नाही असं होत नाही. पहिल्या काही दिवसांत प्लुरा नुसता सुजलेला असतो, जाड झालेला नसतो. उलट बाजूने, ही खूण दिसली म्हणजे पूच आहे असंही नाही. जुना रक्तस्राव, प्लुरात पूर्वी टाकलेली टाल्क पावडर, फुफ्फुसाची शस्त्रक्रिया, काही कॅन्सर, या सगळ्यांत दोन थर चमकताना दिसतात. खूण सांगते ती इतकीच: प्लुराला दाह झालेला आहे. ताप, पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) तिच्या बाजूला ठेवल्यावर तिला वजन येतं.

पायरी ५: चरबी आणि बुडबुडे

परायटल प्लुरा आणि बरगड्या यांच्या मधे चरबीचा एक पातळ थर असतो. एरवी तो जेमतेम दिसतो. संसर्ग असेल तर तो २ मिलिमीटरपेक्षा जाड होतो आणि काळसर स्वच्छ चरबीत राखाडी धागे उमटतात, सूज आल्यासारखे. जाड माणसांत हा थर मुळातच भरलेला असतो, पण तो दोन्ही बाजूंना सारखा आणि स्वच्छ काळा असतो. चरबी खूप जाड, पण स्वच्छ आणि आजूबाजूच्या बरगड्या एकमेकींजवळ ओढलेल्या असतील तर आजार जुना आहे.

हवेच्या बुडबुड्यांबद्दल पहिला प्रश्न नेहमी एकच: सुई घातली होती का? सुईने पाणी काढल्यावर थोडी हवा राहणं साहजिक आहे. सुई न घालता पाण्यात हवा असेल तर तीन शक्यता आहेत. वायू तयार करणारे जंतू, फुफ्फुस आणि प्लुरा यांच्यात पडलेलं भोक, किंवा अन्ननलिका फाटलेली. मोठ्या उलटीनंतर अचानक छातीत दुखू लागलं, डाव्या बाजूला पाणी आणि मेडिएस्टायनममध्येही (दोन फुफ्फुसांच्या मधल्या भागात) हवा, असं चित्र असेल तर अन्ननलिकेची शंका लगेच फोनवर कळवा, रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघू नका. भोक असेल तर लंग विंडोत पातळ स्लाइसवर श्वासनलिकेची फांदी थेट पोकळीत उघडताना कधी कधी दिसते. ते दिसलं तर आवर्जून लिहा, कारण अशा रुग्णात नळीतून पू पातळ करणारी औषधं सोडणं धोक्याचं ठरतं.

बुडबुडे कुठे आहेत हेही बघा. मोकळ्या पाण्यात हवा वर जाऊन एक आडवी पातळी बनते. बुडबुडे पाण्याच्या मधोमध ठिकठिकाणी लटकलेले असतील तर त्यांना काहीतरी अडवतंय, म्हणजे पडदे आहेत. सीटीवर पडद्यांचा हा त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा.

एचयूचा आकडा

आता तो आकडा, ज्याच्यापासून सगळे सुरुवात करतात: एचयू, म्हणजे हाउन्सफील्ड युनिट, सीटीवरची घनता मोजण्याचं एकक. पाण्याचा घनांक शून्याच्या आसपास, पुवाचा सहसा १० ते ३०, ताज्या गोठलेल्या रक्ताचा ३५ ते ७०. पण हृदय किंवा यकृताच्या आजारातलं पाणी आणि संसर्गाचं पाणी यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की केवळ त्यावर निर्णय होत नाही. आकड्याचा खरा उपयोग रक्त ओळखायला. मोजताना गोल किमान १ चौरस सेंटिमीटरचा घ्या, बरगडीलगतचे पट्टे आणि हवा टाळा, आणि तीन जागी मोजा.

पायरी ६: एम्पायेमा की फुफ्फुसातलं गळू?

हा फरक चुकला तर रुग्णाला थेट इजा होते. प्लुरातला पू नळी टाकून काढावाच लागतो. फुफ्फुसाच्या आतलं गळू बहुतेक वेळा अँटिबायोटिक आणि श्वासनलिकेवाटे होणाऱ्या निचऱ्याने बरं होतं. तिथे बाहेरून नळी खुपसली तर फुफ्फुस आणि प्लुरा यांच्यात भोक पडून एका आजाराचे दोन होतात.

आकारापासून सुरू करा. गळू गोल असतं, एम्पायेमा लांबट, छातीच्या भिंतीच्या वळणाने पसरलेला. पोकळी छातीच्या भिंतीला जिथे टेकते तिथला कोन बघा: गळवाचा लघुकोन, एम्पायेमाचा विशालकोन. मोठा एम्पायेमा मात्र फुगून लघुकोनही करतो, त्यामुळे एकट्या कोनावर विसंबू नका. भिंत बघा. एम्पायेमाची भिंत पातळ, एकसारखी, आतून गुळगुळीत. गळवाची जाड, आतून खडबडीत, कुठे कमी कुठे जास्त.

सर्वांत भरवशाची खूण शेजारच्या रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका देतात. एम्पायेमा बाहेरून फुफ्फुसाला ढकलतो, म्हणून त्या वाकून, एकमेकींजवळ गोळा होऊन त्याच्या कडेने वळसा घालतात. गळू फुफ्फुस खाऊन टाकतं, म्हणून वाहिन्या थेट त्याच्या भिंतीपर्यंत येऊन तुटल्यासारख्या थांबतात. पोटात गेलेलं वर येऊन श्वासात गेल्यामुळे होणारं गळू बहुधा वरच्या लोबच्या मागच्या भागात किंवा खालच्या लोबच्या वरच्या भागात सापडतं, दारू किंवा फिटचा इतिहास असेल तर तिकडे आधी बघा.

उभ्याने काढलेला एक्स-रे हाताशी असेल तर हवा-पाण्याच्या पातळीची लांबी समोरून आणि बाजूने मोजा. गोल गळवात दोन्ही लांबी जवळपास सारखी येते, लांबट एम्पायेमात वेगळी. जुनीच युक्ती आहे, पण चालते.

दोन्ही आजार एकत्रही असतात. न्यूमोनियाचा भाग कॉन्ट्रास्टनंतर चमकत नसेल, त्यात काळपट भेगा पडल्या असतील तर फुफ्फुसच सडू लागलंय. ते वेगळं नोंदवा, कारण तिथून प्लुरात भोक पडायची शक्यता मोठी.

क्षयरोग: आपल्याकडे हा विसरून चालणार नाही

महाराष्ट्रात छातीत एका बाजूला पाणी झालेला तरुण रुग्ण आला की टीबी यादीत वर असतो. टीबीचं नेहमीचं पाणी म्हणजे एम्पायेमा नव्हे. त्यात प्लुरा हलकासा, गुळगुळीत जाड असतो, तपासणीत लिम्फोसाइट जास्त आणि एडीए (पाण्यातलं एक एन्झाइम) लिटरला ४० युनिटच्या वर येतं. टीबीचा खरा एम्पायेमा जुना असतो. जाड साल, तिच्यावर कॅल्शियमचे पांढरे पापुद्रे, भरपूर चरबी, आक्रसलेली छाती, आणि त्या सालीच्या आत अजूनही साचलेलं पाणी. वर्षानुवर्षं शांत बसलेल्या कॅल्शियमच्या कवचात पाणी वाढलं किंवा हवा दिसली तर आजार पुन्हा पेटलाय असं समजा.

अशा वेळी छातीच्या भिंतीत बाहेर आलेली गाठ शोधा. पू बरगड्यांमधून वाट काढून त्वचेखाली जमतो, त्याला एम्पायेमा नेसेसिटान्स म्हणतात. वॉर्डात ती "गरम न लागणारी, न दुखणारी गाठ" म्हणून आलेली असते आणि कोणीतरी तिला चिरा देण्याच्या बेतात असतं. आतल्या आणि बाहेरच्या पोकळीला जोडणारा मार्ग तिरक्या छेदात दाखवून द्या. सोबत मणके, बरगड्यांची झीज, कडेने चमकणाऱ्या आणि मधे काळ्या पडलेल्या लसीका ग्रंथी, वरच्या लोबमधली फांदीवर कळ्या आल्यासारखी टिंबं हेही तपासा.

एम्पायेमासारखं दिसणारं बाकी

कॅन्सरचा प्लुरा गाठीगाठींचा असतो, १ सेंटिमीटरपेक्षा जाड, फुफ्फुसाला सगळीकडून वेढणारा आणि हृदयाच्या बाजूच्या प्लुरावरही चढलेला. जुनी टीबीची सालही वेढते, पण ती गुळगुळीत असते.

हृदयविकाराच्या रुग्णात लोबांच्या फटीत अडकलेलं पाणी ट्यूमरसारखं दिसतं आणि लघवीच्या गोळ्यांनी नाहीसं होतं. त्याच्या कडा चमकत नाहीत.

उजव्या बाजूचं पाणी असेल तर यकृत बघितल्याशिवाय स्कॅन बंद करू नका. अमिबिक गळू डायफ्राम फोडून छातीत शिरतं, त्याचा पू चॉकलेटी निघतो. यकृताच्या माथ्यावरची पोकळी आणि त्याच जागी तुटलेली डायफ्रामची रेघ कोरोनल छेदात दिसते. पाणी छातीतलं की पोटातलं हा घोळ झाला तर: डायफ्रामच्या बाहेरच्या बाजूला असेल ते छातीतलं, आतल्या बाजूला ते पोटातलं, आणि मणक्याजवळचा डायफ्रामचा पाय पुढे उचलला गेला असेल तर पाणी छातीतलंच.

एक फुफ्फुस पूर्ण काढलेल्या रुग्णात ती रिकामी जागा हळूहळू पाण्याने भरते आणि मेडिएस्टायनम तिकडे ओढलं जातं, हे नॉर्मल. ती जागा उलट फुगून मेडिएस्टायनमला ढकलू लागली, किंवा आधी वर चढलेली पाण्याची पातळी खाली आली, तर काहीतरी बिनसलंय.

लहान मुलांत सोनोग्राफी पुरते. किरणांचा विचार करता सीटी नेहमीसाठी नाही, गुंतागुंत झाली तरच.

पायरी ७: रिपोर्ट असा लिहा की त्यावर कुणी काम करू शकेल

"डाव्या बाजूला मध्यम प्रमाणात पाणी" या वाक्याने वॉर्डातल्या डॉक्टरचं काही अडत नाही आणि काही सुटतही नाही. बाजू आणि नेमकी जागा लिहा, जास्तीत जास्त जाडी आणि उंची मिलिमीटरमध्ये, कप्पे किती आणि एकमेकांना जोडलेले वाटतात का, दोन्ही थर चमकतात की एकच, जाडी किती, हवा आहे का, खालचं फुफ्फुस कोसळलेलं आहे की सडलेलं, चरबी, छातीची भिंत, डायफ्रामखाली काय. शेवटी नळीसाठी सर्वांत जवळची सुरक्षित जागा: कितवी बरगड्यांमधली फट, त्वचेपासून किती खोल, वाटेत काय आहे. सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून, कारण वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि नस असते.

मत देताना "एम्पायेमा आहे" ऐवजी "संसर्ग झालेल्या पाण्याशी जुळतं, पाणी तपासून खात्री करावी" लिहिणं प्रामाणिकपणाचं. खात्री सुईच करते. दिसायला पू असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पीएच ७.२ किंवा कमी, साखर डेसिलिटरला ६० मिलिग्रॅमच्या खाली, किंवा स्टेन-कल्चरमध्ये जंतू, यांपैकी काही असेल तर नळी लागते. पीएचचा नमुना हेपरिनच्या सिरिंजमध्ये, हवा पूर्ण काढून, एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर. सिरिंजमध्ये हवा राहिली तर पीएच खोटा वाढतो, भूल देण्याचं लिग्नोकेन मिसळलं तर खोटा घटतो. दाट पू मात्र मशीनमध्ये घालू नका, मशीन बंद पडेल आणि त्याच्या पीएचची गरजही नाही. कल्चरसाठी थोडं पाणी ब्लड कल्चरच्या बाटल्यांतही घाला, जंतू सापडण्याची शक्यता वाढते.

नळी टाकल्यानंतरचा स्कॅन

सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने १२ ते १४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) बारीक नळी बहुतेकांना पुरते. ती तुंबू नये म्हणून दर ६ तासांनी २० ते ३० मिलिलिटर सलाइनने धुतात. दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही आणि पू यायचा थांबला तर पुन्हा स्कॅन होतो, आणि तेव्हा प्रश्न असतो नळीचा. लंग विंडोत नळी टोकापासून त्वचेपर्यंत, एकेक स्लाइस पुढे जात, मागोवा घ्या. बाजूची सगळी छिद्रं प्लुराच्या आत आहेत का? एखादं छातीच्या भिंतीत राहिलं असेल तर त्वचेखाली हवा पसरते. नळी वाकलीय का, लोबांच्या फटीत गेलीय का, फुफ्फुसात घुसलीय का, की ती एका कप्प्यात आहे आणि पू दुसऱ्यात? नळी जागेवर असून पू उरला असेल तर नळीतून पू पातळ करणारी औषधं सोडणं, म्हणजे अल्टेप्लेज १० मिलिग्रॅम आणि डीऑक्सिरायबोन्यूक्लिएज ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस हा मार्ग असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही जोडी उपयोगी ठरली, एकेकटं औषध नाही. तेही चाललं नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया.

पाणी गेलं, पण त्या जागी हवा भरली आणि फुफ्फुस फुगलंच नाही, तर व्हिसेरल थरावरची साल त्याला धरून आहे. इथे घाई करून "साल काढण्याची गरज" असं लिहू नका. बऱ्या होणाऱ्या रुग्णात जाड दिसणारा प्लुरा पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुष्कळ पातळ होतो. नुसत्या जाडीपेक्षा रुग्णाचा ताप, दम आणि फुफ्फुस किती जखडलंय यावर सर्जन निर्णय घेतो. तुमचं काम जुन्या आणि नव्या स्कॅनमध्ये एकाच पातळीवर, एकाच विंडोत मोजून आकडे शेजारी शेजारी ठेवणं.